वातावरणातील पाऱ्याचे नैसर्गिक स्रोत

मानवी हस्तक्षेपाविना पारा ज्या मार्गांनी हवेत मिसळतो, त्यांना वातावरणातील पाऱ्याचे नैसर्गिक स्रोत म्हणतात. पारा सामान्य तापमानाला द्रवरूप असून त्याची सहज वाफ होते. वायुरूप पारा हवेत अनेक महिने टिकत असल्याने तो उगमापासून हजारो किलोमीटर दूर पोहोचतो.

भूशास्त्रीय स्रोत

ज्वालामुखी, भूऔष्णिक प्रदेश आणि हिंगूळ या खनिजाने समृद्ध असलेले खडक व माती हे पाऱ्याचे मूळ स्रोत होत. स्पेनमधील आल्मादेन येथील हिंगुळाचे साठे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील अपर फ्रीमाँट हिमनदीच्या बर्फात तांबोरा (१८१५) व क्राकाटोआ (१८८३) या उद्रेकांच्या काळात पाऱ्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले.

पुनरुत्सर्जन

समुद्र, माती व वणवे यांतूनही पारा हवेत जातो. मात्र तो सर्वस्वी नैसर्गिक नसतो. खाणकाम व कोळशाच्या ज्वलनातून पूर्वी हवेत गेलेला पारा पाऊस आणि गळालेल्या पानांवाटे जमिनीत व पाण्यात साठतो आणि कालांतराने पुन्हा बाहेर पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१३ मधील अंदाजानुसार हवेतील वार्षिक उत्सर्जनापैकी सुमारे १० टक्के भूशास्त्रीय, ३० टक्के तत्कालीन मानवी व ६० टक्के पुनरुत्सर्जित असते.

महत्त्व

पाण्यातील जीवाणू पाऱ्याचे रूपांतर मिथाइल पाऱ्यात करतात. हे विषारी संयुग माशांमार्फत माणसापर्यंत पोहोचते. २०१७ मध्ये अंमलात आलेला मिनामाता करार मानवी उत्सर्जनावर नियंत्रण आणतो. परंतु पुनरुत्सर्जनामुळे त्याचा परिणाम सावकाश दिसतो.