मातृसंस्थांचे निर्णय आणि मराठी मंडळ्यांची स्वायत्तता
(ख्रिस्ती पंथ आणि समलिंगी विवाह : लेखांक सातवा)

समलिंगी संबंधांविषयीच्या बायबलमधील वचनांचे अर्थ निरनिराळे पंथ कसे लावतात, याचा विचार मागील लेखांकात केला. धर्मग्रंथ एकच असूनही या पंथांच्या भूमिका एकाच गतीने बदललेल्या नाहीत, आणि या तफावतीचे कारण केवळ अर्थ लावण्याच्या पद्धतीत सापडत नाही. त्या अर्थाविषयी अंतिम निर्णय देण्याचा अधिकार पंथाच्या घटनेने कोणाकडे सोपवला आहे, हेही तितकेच निर्णायक ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत, पण त्यांच्यासाठी असा अधिकार असलेले पीठ एक नाही. मानखुर्दसारख्या उपनगरात एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन ख्रिस्ती कुटुंबांपैकी कॅथलिक कुटुंब मुंबई महाधर्मप्रांतामार्फत रोमच्या शिकवणुकीशी बांधलेले असते, तर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजे सीएनआयचे कुटुंब मुंबई धर्मप्रांत आणि त्यावरील सिनड, म्हणजे बिशप, पाळक व सामान्य सभासद यांच्या प्रतिनिधींची सर्वोच्च सभा, यांच्या नियमांखाली येते.

या वादात तीन प्रश्न बहुधा एकमेकांत मिसळले जातात, आणि ते वेगळे केल्याशिवाय कोणत्याही पंथाची भूमिका नीट कळत नाही. समलिंगी संबंध हा कायद्याने गुन्हा असावा काय, हा पहिला. समलिंगी व पारलिंगी व्यक्तींना मंडळीत सभासदत्व, आशीर्वाद आणि पाळकपदाची दीक्षा मिळावी काय, हा दुसरा. आणि दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या सहजीवनाला विवाह म्हणावे काय, हा तिसरा.

कॅथलिक चर्चने या तिन्ही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी चर्चचा समलिंगी विवाहाला विरोध असला तरी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानू नये, अशी भूमिका जाहीरपणे मांडली. विवाह हा कॅथलिक मतानुसार सात संस्कारांपैकी एक असून तो स्त्री-पुरुषांमध्येच होऊ शकतो, ही शिकवण आजही तशीच आहे. बदल झाला तो दुसऱ्या प्रश्नापुरता. मार्च २०२१ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येणार नाही असे सांगितले होते, परंतु १८ डिसेंबर २०२३ च्या ‘फिदुशिया सुप्लिकान्स’ या घोषणापत्राने, विवाहविधीशी साम्य दिसणार नाही अशा रीतीने आणि उपासनाविधीच्या बाहेर, तसा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. आफ्रिकेतील बिशपांनी त्याला हरकत घेतली, यावरून केंद्रीय अधिकार असलेल्या चर्चमध्येही अंमलबजावणी किती स्थानसापेक्ष असते हे दिसते.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांची गोष्ट निराळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांच्या कार्यातून स्कॉटिश मिशनची मुंबईतील शाळा व विल्सन कॉलेज वाढले. कोल्हापूर-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने शाळा व रुग्णालये काढली. या तिन्ही प्रवाहांच्या मातृसंस्थांनी गेल्या दोन दशकांत समलिंगी विवाहाला वाट मोकळी करून दिली. अमेरिकन मराठी मिशनच्या मातृमंडळाचा वारसा सांगणाऱ्या ‘युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट’च्या महासभेने जुलै २००५ मध्ये विवाहसमानतेला पाठिंबा दिला, अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने २०१५ मध्ये आपल्या घटनेतील विवाहाची व्याख्या बदलली, आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने मे २०२२ मध्ये इच्छुक पाळकांना असे विवाह लावण्याची परवानगी दिली. मेथडिस्ट परंपरेतही अमेरिकेतील ‘युनायटेड मेथडिस्ट चर्च’ने १९७२ पासून नियमावलीत असलेले समलिंगी आचरणाच्या निषेधाचे वाक्य २०२४ मध्ये काढून टाकले.

यांपैकी एकही निर्णय महाराष्ट्रातील मंडळ्यांना बंधनकारक नाही, आणि याचे कारण त्यांच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात आहे. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेतील मंडळ्या १९२४ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन व इतर पंथांसह सीएनआयमध्ये विलीन झाल्या, भारतातील मेथडिस्ट चर्चने १९८१ मध्ये स्वायत्तता घेतली. मिशनच्या आर्थिक व प्रशासकीय छत्राखालून बाहेर पडून स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा जो हक्क या मंडळ्यांनी मिळवला, त्याच हक्काने आज त्या मातृसंस्थांच्या मार्गाने न जाण्यासही मोकळ्या आहेत.

समलिंगी संबंधांच्या स्वीकाराकडे जाणारा हा बदल परदेशातून आलेला आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो, परंतु तो अर्धाच टिकतो, कारण कलम ३७७ हेही १८६० च्या ब्रिटिश दंड संहितेतून आले होते. शिवाय भारतीय ख्रिस्ती मत एकमुखी नाही. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत ‘उत्कल ख्रिश्चन कौन्सिल’ आणि ‘अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स’ होत्या, तर नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया’ने मानवी लैंगिकतेवर चर्चांमध्ये अभ्यास व संवाद घडवून आणण्याचा उपक्रम हाती घेतला.

यात कायद्याचीही मर्यादा आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार चर्चमध्ये लागलेला विवाह नागरी दृष्ट्याही वैध ठरतो, म्हणजे वेदीपुढे उभा असलेला धर्मगुरू धार्मिक विधीबरोबर राज्यसंस्थेचेही एक काम करत असतो. समलिंगी विवाहाविषयीच्या सुप्रियो खटल्याच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही आणि सुनावणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरती ठेवून व्यक्तिगत कायद्यांना स्पर्श केला नाही. त्यामुळे उद्या मराठी मंडळ्यांच्या एखाद्या सिनडने आपला नियम बदलला, तरी त्या विवाहाला कायद्याची मान्यता मिळणार नाही. मात्र आशीर्वाद, सभासदत्व आणि दीक्षा या दुसऱ्या प्रश्नाच्या कक्षेतील बाबींसाठी न्यायालयाची वा संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. तिथे निर्णय न घेणे हाही मंडळीचा स्वतःचाच निर्णय ठरतो, आणि त्याची जबाबदारी कायद्यावर किंवा परदेशी मातृसंस्थांवर टाकता येत नाही.

पुढील लेखांकात अँग्लिकन समुदायातील फुटीचा, १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेच्या ठरावापासून पुढे, विचार केला जाईल.