जबड्यातली गाठ : दुखत नाही म्हणून टाळू नका

कानापुढे सूज येते, तोंड पुरते उघडत नाही. तरी घरात ‘रमजान झाला की बघू’ म्हटले जाते. क्वचित यामागे जबड्याच्या सांध्याजवळ हाडातली पोकळ गाठ, म्हणजे सिस्ट, असते. ती बहुधा न दुखता वाढते, हाड आतून पोखरते. ओपीजी एक्स-रेत ती दिसते. लहान गाठ भूल देऊन खरवडून काढतात. मोठीला आधी भोक पाडून द्रव वाहू देतात. काही महिन्यांत ती आक्रसते, हाड वाचते. जवळूनच चेहऱ्याची नस जाते, म्हणून जबड्याचा सर्जनच हवा. इस्लामपूरकरांना कराड, सांगलीची दंत महाविद्यालये जवळ आहेत. काढलेला तुकडा तपासून घ्या. नंतर काही आठवडे शोरबा, मऊ खिचडी. काही गाठी पुन्हा येतात. फेरतपासणी चुकवू नका.