सायझिंगच्या वाफेचा नळ आणि धुळ्याची थंडी

दिवाळी उलटली की धुळ्यात थंडी सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत पांझरेच्या काठाला, आमच्या देवपुरात पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो, एखाद्या वर्षी तर ५ च्याही खाली जातो. याच दिवसांत सायझिंगवाल्यांच्या तक्रारी वाढतात. लाकूड जास्त लागते, सिलिंडर वेळेवर तापत नाही, बीम ओलसर निघतो. दोष बहुधा लाकडाला दिला जातो, नाहीतर बॉयलरला. पण बॉयलरपासून मशीनपर्यंत जो नळ जातो, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पुष्कळ वेळा खरे नुकसान तिथेच होत असते.

मी कापडाचा व्यापारी आहे, फिटर नव्हे. पण ताणा नीट सुकला नाही तर खळ सुताला धरत नाही, लूमवर धागे तुटतात आणि लूम उभा राहतो. विणकराला मजुरी मीटरवर मिळते, उभ्या लूमची मिळत नाही. म्हणजे नळातली खोट शेवटी विणकराच्या खिशातून जाते. म्हणून हा विषय फक्त कारखानदाराचा नाही.

प्रथम वाफेचा हिशेब समजून घ्यावा. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात. ही मोठी रक्कम वाफेत दडलेली असते, आणि वाफ सिलिंडरच्या आत पुन्हा पाणी होते तेव्हाच ती बाहेर पडते. ताणा सुकतो तो याच उष्णतेवर. हीच वाफ रस्त्यात, उघड्या नळात पाणी झाली तर ती उष्णता हवेत गेली असे समजावे. शिवाय झालेले पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते आणि आतल्या पत्र्यावर थर करून बसते. मग उरलेल्या वाफेची उष्णताही सुतापर्यंत नीट पोहोचत नाही.

७ किलो दाबाची वाफ सुमारे १७० अंशांची असते. अशा वाफेचा दोन इंची नळ उघडा असेल तर दर मीटरला तासाला अर्धा किलोहून जास्त वाफ पाणी होऊन जाते. वीस मीटर नळ धरला तर तासाला दहा किलो. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना नळ आणि हवा यांत १२८ अंशांचे अंतर असते, थंडीच्या पहाटे ते १६२ होते. म्हणजे तोच नळ हिवाळ्यात निदान सव्वा पट उष्णता गमावतो. त्यात वारा असेल तर विचारूच नका. काचलोकर किंवा रॉकवूलचे दोन इंची वेष्टन आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, एवढे केले तरी यातली बरीचशी, दहातील आठ-नऊ भाग उष्णता वाचते. पत्रा मात्र हवाच. वेष्टन पावसात भिजले की त्याचा उपयोग संपतो. नुसते गोणपाट गुंडाळून दोरी बांधलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, ती समाधानापुरतीच.

वेष्टन कितीही चांगले असले तरी थोडे पाणी होणारच. त्याला वाट द्यावी लागते. नळ वाफेच्या दिशेने उतरता ठेवावा, १०० मीटरला एक मीटर उतार पुरतो. दर ३०-४० मीटरवर आणि जिथे नळ वर चढतो त्या जागी खाली तोंड असलेला टी बसवून त्याखाली गाळणी व स्टीम ट्रॅप लावावा. ट्रॅप पाणी बाहेर सोडतो आणि वाफ अडवतो. मशीनकडे जाणारी शाखा मुख्य नळाच्या वरच्या अंगाने काढावी, खालून काढली तर पाणीच मशीनला जाते. ही चूक नव्या कामातही सर्रास दिसते, कारण खालून काढायला एक बेंड कमी लागतो.

उतार आणि ट्रॅप नसेल तर पैशापेक्षा मोठा धोका असतो. रात्री बंद केलेल्या नळात पाणी साचून राहते. सकाळी कामगार घाईने व्हॉल्व्ह एकदम उघडतो. वाफ त्या पाण्याला गोळ्यासारखे पुढे ढकलते. वाफेचा वेग सेकंदाला २५ मीटर म्हणजे ताशी ९० किलोमीटर असू शकतो, आणि त्या वेगाने ते पाणी पुढच्या बेंडवर आदळते. नळात हातोडा मारल्यासारखा आवाज येतो, फिटर लोक त्याला ‘वॉटर हॅमर’ म्हणतात. त्याने फ्लँज फुटतो, व्हॉल्व्ह फुटतो, आणि समोरचा माणूस भाजतो. असा आवाज करणारा नळ ‘त्याची सवयच आहे’ म्हणून चालवणे हा गुन्हाच मानावा. थंडीत आधी खालचे ड्रेन उघडावेत, मग मुख्य व्हॉल्व्ह किंचित फिरवून नळ तापू द्यावा. दहा-पंधरा मिनिटे जातील, जाऊ द्यावीत.

ट्रॅप मात्र लावला की विसरला असे चालत नाही. आत कचरा अडकून तो उघडा राहिला तर वाफ थेट वाहून जाते. ७ किलो दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून तासाला सुमारे ३० किलो वाफ जाते. एक किलो लाकडाला तीन किलो वाफ धरली तर बारा तासांच्या पाळीत १२० किलो लाकूड फुकट.

ट्रॅपमधून निघालेले गरम पाणी गटारात सोडणारे पाहिले की वाईट वाटते. ते बॉयलरच्या टाकीत परत आणावे. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी जास्त गरम असेल तर सुमारे १ टक्का इंधन वाचते. ३० ऐवजी ९० अंशांचे पाणी मिळाले तर १० टक्के. शिवाय हे पाणी वाफेचे, म्हणजे क्षार नसलेले. आपल्या भागातल्या बोअरच्या जड पाण्याने बॉयलरच्या नळ्यांत जो थर बसतो तो त्यामुळे कमी होतो. खळीच्या हौदात वाफ थेट सोडतात, ते पाणी मात्र परत घेता येत नाही.

धुळ्याच्या थंडीत नळातले पाणी गोठत नाही. काश्मीर-लडाखमध्ये ते गोठते. पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगते आणि नळ फाटतो. तिथल्या हॉटेलांत गरम पाण्याच्या बॉयलरवर खोल्या उबदार ठेवतात. तिथेही नळ उतारावरच घालतात आणि सर्वांत खालच्या जागी ड्रेन कॉक ठेवतात, म्हणजे बंद काळात सर्व पाणी काढून टाकता येते. सतत भरलेल्या बंद चक्रात ग्लायकॉल मिसळतात. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, त्यामुळे आंघोळीच्या पाण्याशी त्याचा संबंध येऊ नये. आपल्या कोणा फिटरने तिकडचे काम धरले तर एवढे लक्षात ठेवावे.

बॉयलर व त्याच्या वाफेच्या नळांना कायदा लागू आहे. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला आहे. १०० अंशांखाली नुसते पाणी तापवणाऱ्या बॉयलरला पूर्वीपासून सूट होती, वाफेच्या सायझिंग बॉयलरला ती नाही. म्हणून नळ वाढवायचा किंवा उतार बदलायचा असेल तर कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्या वेल्डरला बोलावू नये. बॉयलरच्या कामाचा दाखला असलेला वेल्डर घ्यावा, नळ प्रमाणित घ्यावा आणि काम बॉयलर निरीक्षकांना आधी कळवावे. हे काम वार्षिक तपासणीसाठी बॉयलर थंड केलेला असतो त्याच आठवड्यात उरकता येते, त्यासाठी वेगळी सुटी घ्यावी लागत नाही.