विश्लेषण : कारचे इंजिन ऑइल घरीच बदलता येते का? त्यात धोका कुठे आणि जळक्या ऑइलचे करायचे काय?

खालचा बोल्ट सोडायचा, काळे ऑइल काढायचे, फिल्टर बदलायचा आणि वरून नवे ऑइल ओतायचे. मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या चित्रफितीत हे काम इतके सोपे दिसते की, सर्व्हिस सेंटरचे बिल हातात पडल्यावर ‘हे आपणच का करू नये’ असा प्रश्न अनेक कारमालकांना पडतो. छोट्या पेट्रोल कारचे ऑइल घरी बदलणे खरोखरच अवघड नाही. मात्र गाडीखाली शिरायचे तर ती कशाच्या आधारावर उचलायची आणि काम संपल्यावर उरलेले तीन-चार लिटर जळके ऑइल न्यायचे कुठे, या दोन प्रश्नांवर चित्रफिती बहुधा गप्प असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर जिवावर बेतते. दुसऱ्याचे चुकले तर ते गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते.

ऑइल बदलावे का लागते?

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातील अंतर केसापेक्षाही कमी असते. त्या फटीत ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. त्याशिवाय पिस्टनची उष्णता वाहून नेणे, काजळी धरून ठेवणे आणि ज्वलनात तयार होणारी आम्ले निष्प्रभ करणे हीही ऑइलचीच कामे. यासाठी त्यात जस्त-फॉस्फरसची संयुगे, डिटर्जंट अशी रसायने मिसळलेली असतात. मूळ तेल लवकर संपत नाही, ही रसायने संपतात.

बहुतेक कंपन्या पेट्रोल कारसाठी १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत देतात. ‘गाडी वर्षभरात चारच हजार किलोमीटर चालली, मग ऑइल कशाला बदलायचे’ हा युक्तिवाद येथे चुकतो. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातील बहुतांश वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी अर्धा-पाऊण तास चालली की ऑइल तापून ती उडून जाते. घर ते भाजी मंडई इतकीच धाव असेल, तर पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच राहते. म्हणून कमी चाललेल्या गाडीलाही वर्षाची मुदत लागू असते. सततची धूळ, तुंबलेली वाहतूक, छोटी अंतरे अशा वापरासाठी अनेक कंपन्या मॅन्युअलमध्ये याहून कमी मुदत सांगतात. ते पान फार थोडे लोक वाचतात.

डिपस्टिकवरचा थेंब बोटावर चोळून ‘ऑइल काळे झाले, बदला’ असे सांगण्याची गॅरेजमधली पद्धत जुनी आहे. तिच्यात फारसा अर्थ नाही. डिझेल गाडीत नवे ऑइलही काही शे किलोमीटरमध्ये काळे पडते. काजळी धरून ठेवण्याचे काम ते करत असल्याची ती खूण आहे.

कोणते ऑइल घ्यायचे?

डब्यावर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत सहज वाहते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते ते दाखवतो. ‘आपल्याकडे विदर्भात ४५ अंश तापमान असते, पातळ ऑइल चालणार नाही’ हा समज येथूनच येतो. पण बाहेर ४५ अंश असो वा १०, इंजिन तापले की आतील ऑइल ९० ते ११० अंशांच्या आसपास असते. नव्या इंजिनांतील फटी आणि ऑइल पंप पातळ ऑइल गृहीत धरूनच बनवलेले असतात. तेव्हा शेजाऱ्याचा सल्ला बाजूला ठेवावा आणि मॅन्युअलमधील ग्रेडच घ्यावी.

बीएस-६ डिझेल गाड्यांच्या बाबतीत जास्त काळजी हवी. त्यांच्या धूर नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्यासाठी कमी राख सोडणारे ऑइल लागते. साधे डिझेल ऑइल घातले तर इंजिनाला लगेच काही होत नाही, पण तो महागडा फिल्टर हळूहळू तुंबत जातो.

रिकाम्या डब्यांत भेसळीचे किंवा हलके ऑइल भरून विकले जाते, त्यामुळे डबा ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावा. काम झाल्यावर आपला डबाही कापून टाकावा.

गाडीखाली शिरणे किती सुरक्षित?

डिकीत स्टेपनीसोबत मिळणारा कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका. छोट्या हॅचबॅकचे वजनही ८००-९०० किलोच्या घरात असते आणि त्यातील निम्म्याहून अधिक भार पुढच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतो. घट्ट बोल्ट सोडवताना पान्याला हिसका द्यावा लागतो. तो हिसका गाडीला बसतो आणि जॅक कलंडायला तेवढे पुरते.

‘गाडी गिअरमध्ये ठेवली आहे, हलणार नाही’ हाही खोटा दिलासा ठरू शकतो. आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. तीच चाके जॅकवर अधांतरी असतील तर गिअर कशाला धरून ठेवणार? अशा वेळी हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेले दगड किंवा लाकडी ठोकळे एवढाच आधार उरतो.

योग्य पद्धत म्हणजे सपाट, पक्की जमीन, ट्रॉली जॅकने गाडी उचलणे आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन जॅक स्टँड लावून भार त्यांच्यावर सोडणे. त्याहून सोपे म्हणजे पुढची चाके चढवण्याचे लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे रॅम्प. गाडी चढवताना समोर उभे न राहता बाजूने इशारा करणारा माणूस मात्र हवा. विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, जुने चाक यांचा आधार घेऊ नये. भाराखाली वीट सूचना न देता फुटते.

पर्याय आणखी एक आहे. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने ऑइल वर ओढता येते. फिल्टर वरच्या बाजूला असलेल्या गाड्यांत मग खाली शिरावेच लागत नाही. फिल्टर खाली असेल तर शिरणे टळत नाही आणि काही इंजिनांत हा पाइप तळापर्यंत पोहोचत नाही. आपली गाडी यांपैकी कोणती, हे पंप विकत घेण्याआधी पाहावे.

प्रत्यक्ष काम करताना चुका कुठे होतात?

इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करायचे. ऑइल कोमट हवे, उकळते नको. गरम ऑइल बोल्टमागोमाग थेट मनगटावर येते. हातमोजे घालावेत. वापरलेले ऑइल सतत कातडीला लावल्यास कर्करोग होतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

पहिली मोठी चूक चुकीचा बोल्ट सोडण्याची. खालून पाहिल्यावर इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा असे दोन्ही बोल्ट दिसतात आणि नवखा माणूस दुसराच सोडतो. मग गिअरबॉक्स रिकामा होतो आणि इंजिनात जुन्या ऑइलवर नवे पडते. गाडी तशीच चालवली तर काही किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचे काम निघते. बाहेर येणारे ऑइल काळे नसून लालसर किंवा स्वच्छ दिसले तर तेथेच थांबावे.

दुसरी चूक बोल्ट परत लावताना होते. आजच्या बऱ्याच गाड्यांत ऑइलचा चेंबर ॲल्युमिनियमचा असतो आणि बोल्ट पोलादाचा. ‘गळायला नको’ म्हणून लांब पान्याने जोर लावला की चेंबरचे आटे जातात आणि मग नवा चेंबर किंवा आटे पाडून घेण्याचा खर्च येतो. बोल्ट आधी हाताने फिरवत बसवायचा, वॉशर नवा टाकायचा आणि मॅन्युअलमधील मापाने आवळायचा. छोट्या पेट्रोल गाड्यांत हे माप साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर असते, म्हणजे वीत-दीड वीत लांबीच्या पान्याला एका हाताचा बेताचा जोर. चाकाच्या नटला लावतो तेवढा जोर येथे लावायचा नाही.

तिसरी चूक सर्वांत फसवी. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती दिसली नाही आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगा एकमेकींवर धरत नाहीत. जागेवर सारे ठीक वाटते. रस्त्यावर ऑइलचा दाब वाढला की रिंग सरकते आणि काही मिनिटांत सारे ऑइल बाहेर. जुन्या फिल्टरला रिंग आहे ना, हे डोळ्यांनी पाहणे एवढाच त्यावर उपाय. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचे बोट लावायचे, तो हाताने फिरवायचा आणि रिंग टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा द्यायचा. येथे पाना लागत नाही.

ऑइल भरताना मॅन्युअलमधील मापापेक्षा अर्धा लिटर कमीच ओतावे, इंजिन अर्धा मिनिट चालवावे आणि दाबाचा लाल दिवा विझतो का ते पाहावे. मग पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिकवर दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ येईपर्यंत थोडे थोडे भरावे. जास्त झालेले ऑइलही घातक असते. फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

पैसे किती वाचतात आणि वॉरंटीचे काय?

वाचतात, पण चित्रफितींत सांगतात तेवढे नाहीत. छोट्या पेट्रोल कारला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल आणि एक फिल्टर लागतो. हा खर्च दोन्हीकडे असतोच. वाचते ती मजुरी आणि न मागता बिलात आलेली ‘इंजिन फ्लश’सारखी कामे. पहिल्या वर्षी रॅम्प, पाने, नरसाळे, परात यांतच ती बचत जाते.

वॉरंटी सुरू असताना हा प्रयोग टाळलेलाच बरा. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, असे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कारनिर्मात्यांविरुद्धच्या आदेशात म्हटले होते. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. प्रत्यक्षात इंजिनात बिघाड झाल्यास अधिकृत केंद्रातील सर्व्हिसची नोंद मागितली जाते आणि पार्किंगमध्ये केलेल्या कामाची तशी नोंद नसते. शिवाय सुरुवातीच्या सर्व्हिसला मजुरी बहुधा मोफतच असते.

जळक्या ऑइलचे काय करायचे?

एका वेळी निघालेले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. तरीही पार्किंगच्या कोपऱ्यातील जाळी हीच अनेकांना सोयीची जागा वाटते. पावसाळी गटाराला बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण केंद्र नसते, ते थेट नाल्याला मिळते.

भारतात वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. २०२३ मधील दुरुस्तीने ऑइल उत्पादकांवर ते परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी टाकली असून ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण बनवता येते. मात्र एका घरातील तीन लिटर ऑइल न्यायला कोणी दारात येत नाही. जळक्या ऑइलला गिऱ्हाईक नाही असेही नाही. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, बैलगाडीच्या आसाला ते सर्रास लावले जाते आणि भट्ट्यांत जाळलेही जाते. या सगळ्यांत त्यातील धातू आणि काजळी मातीत किंवा हवेतच जाते.

त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग सर्व्हिस सेंटर किंवा मोठ्या गॅरेजचा. त्यांच्याकडे जळक्या ऑइलचा बॅरल असतो आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारे तो भरला की घेऊन जातात. ऑइल आणण्याआधी एक फोन करून विचारले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, कारण त्यांना त्याचे पैसे मिळतात. अट एकच, त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल किंवा पाणी मिसळलेले नसावे. तसे ऑइल पुनर्प्रक्रियेला चालत नाही. म्हणून ते स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवावे आणि कॅन गॅरेजमध्ये पोहोचवून झाल्यावरच कापावा. फरशीवर सांडलेल्या ऑइलवर पाणी न ओतता वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्यावे. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवला की त्यातूनही बरेच ऑइल निथळते, तेही त्याच कॅनमध्ये.