एका पातेल्याची धुरकट गोष्ट

सुरुवात झाली ती मेसमधल्या वांग्याच्या भरतापासून. आमच्या मेसचं भरीत म्हणजे उकडलेली वांगी, कांदा आणि नशीब! एकदा न राहवून मी मावशींना विचारलं, "मावशी, घरच्या भरताला जो भाजल्याचा वास येतो, तो इथे का येत नाही?" मावशी म्हणाल्या, "तीनशे पोरांची वांगी निखाऱ्यावर भाजत बसू होय रे?" पण माऊलीने त्या दिवशी आमच्या टेबलापुरता एक प्रयोग केला. भरताच्या भांड्यात मधोमध स्टीलची वाटी ठेवली, वाटीत एक लालभडक निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि वरून झाकण. पाच मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा तेच भरीत आम्ही बोटं चाटत संपवलं.

यालाच धुंगार देणं म्हणतात. आता मेकॅनिकलच्या मुलाच्या डोक्यात पुढचा प्रश्न येणारच : पाच मिनिटांच्या धुराने हे होतं, तर दोन तासांच्या धुराने काय होईल? परदेशी लोक ज्याला स्मोकर म्हणतात तो म्हणजे शेवटी झाकण असलेलं एक भांडं, खाली कोळसा आणि हवेला दोन वाटा. विकत घेणं आमच्या खिशाबाहेरचं. म्हणून आम्ही चौघांनी पातेल्याचा करायचं ठरवलं.

पहिलं पातेलं आम्ही तासाभरात वाया घालवलं. भंगारवाल्याकडून एक मोठं जर्मनचं पातेलं किलोवर आणलं, खिळ्याने भोकं पाडली, तळाशी थेट कोळसा भरला आणि लवकर पेटावा म्हणून एकाचा हेअर ड्रायर भोकाला लावला. थोड्या वेळात तळ मऊ पडून खाली झुकला आणि निखारे फरशीवर! जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. कोळशाला हवा फुंकली की तो याच्या कितीतरी वर जातो, लोहाराचा भाता दुसरं काय करतो? मटेरिअल सायन्सच्या ओरलला हा वितळणबिंदू मी न अडखळता सांगितला होता. पण वहीतलं ज्ञान पातेल्यात उतरायला वेळ लागतो.

दुसरं पातेलं स्टीलचं. मेसमधून बाद झालेलं, एका बाजूला चेपलेलं, साधारण चौदा इंच व्यासाचं आणि तेवढंच उंच. झाकणही जड आणि घट्ट बसणारं मिळालं.

स्टीलला भोक पाडणं हे मात्र एक वेगळंच प्रकरण आहे. आम्ही ड्रिल मशीन फुल स्पीडला लावलं. किंचाळल्यासारखा आवाज झाला, बिट निळं पडलं आणि पातेल्यावर नुसता चकचकीत ठिपका उमटला. वर्कशॉपचे सर लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "घासू नका रे त्याला, कापा." स्टेनलेस स्टील घासलं की त्या जागी आणखी कडक होतं, मग बिट फक्त घसरत राहतं. उपाय उलटा आहे. आतून लाकडाचा ठोकळा लावून सेंटर पंचने खूण करायची, स्पीड कमी, दाब जास्त, थेंबभर तेल, आणि आधी बारीक बिट, मग मोठं. सरांच्या हाताखाली तीच भोकं वीस मिनिटांत पडली.

आता रचना सांगतो. तळापासून इंचभर वर, सारख्या अंतरावर, १२ मिलिमीटरची तीन भोकं. ही हवा आत येण्याची वाट. प्रत्येक भोकाशेजारी एक बोल्ट, आणि बोल्टवर फिरणारी, जुन्या स्टीलच्या ताटलीतून कापलेली चकती. चकती सरकवली की भोक हवं तेवढं उघडतं. आत दोन इंचांवर तीन बोल्टांच्या टोकांवर टेकलेली स्टीलची चाळणी, तिच्यात कोळसा. चाळणीमुळे राख खाली गळते आणि हवा कोळशाच्या खालून येते. त्याच्या चार-पाच इंच वर, पुन्हा तीन बोल्टांवर, पाण्याने भरलेली एक ताटली. ती पातेल्यापेक्षा लहान हवी, म्हणजे धूर कडेने वर जातो. तिच्या तीन इंच वर स्टीलची जाळी, जिच्यावर पदार्थ ठेवायचा. झाकणाची मूठ काढली की स्क्रूचं भोक आयतं मिळतं, ते थोडं मोठं करून त्यात गोल काट्याचा थर्मामीटर बसवला. बाजूला २० मिलिमीटरचं एक भोक धूर बाहेर जायला. लॅबमधला काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर वापरायचा विचार आमच्यापैकी एकाने मांडला होता. तो फुटला तर जेवणात पारा, तेव्हा त्याला तिथेच गप्प केलं.

एक गोष्ट आग्रहाने : बोल्ट, जाळी, चकत्या, काहीही जस्त चढवलेलं घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत साधा बोल्ट बहुतेक वेळा जस्ताचाच असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं, आणि निखाऱ्याजवळ त्याची वाफ होऊ शकते. तिने येणारा ताप वेल्डिंगवाल्यांना चांगला ठाऊक आहे. 'एस.एस. द्या' असं स्पष्ट मागायचं.

आता चालवायचं कसं? कोळसा आम्ही कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडून घेतला, लाकडाचा, साधा. रॉकेल ओतून पेटवू नये, वास पदार्थात उतरतो. चाळणीत न पेटवलेला कोळसा पसरायचा आणि बाहेर शेगडीत पेटवून राखाडी झालेले आठ-दहा निखारे वर ठेवायचे. आग वरून खाली हळूहळू उतरते, दोन-तीन तास पुरते. अर्धा किलो कोळसा आम्हाला भरपूर होतो.

कोळसा म्हणजे लाकडातला धूर आधीच काढून टाकलेला. त्याच्याकडून फक्त उष्णता मिळते. वासासाठी त्यावर सुक्या लाकडाचा मुठीएवढा तुकडा ठेवायचा. आंबा, पेरू, बाभूळ चालतं. प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन अजिबात नाही. लाकूड भिजवून घालतात असं ऐकून आम्ही तेही केलं. त्याने आधी नुसती वाफ येते, फायदा शून्य. लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉलसारखी द्रव्यं सुटतात, धुराचा तो खमंग वास त्यांचा. पण लाकूड हवेवाचून घुसमटलं की पांढरा दाट धूर येतो आणि पदार्थ कडू होतो. झाकणातून पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर आला की समजायचं गाडी रुळावर आहे.

तापमान ठेवायचं ११० ते १२० अंश. वरचं भोक कायम उघडं, खेळ फक्त खालच्या तीन भोकांचा. काटा ९० वर आला की दोन चकत्या बंद करायच्या, कारण ११० वर आल्यावर बंद केल्या तर तो १५० पर्यंत धावतोच. मधलं पाणी इथे उपयोगी पडतं. एक लिटर पाणी तापून पूर्ण वाफ व्हायला साधारण अडीच मेगाज्यूल लागतात, म्हणून जास्तीची उष्णता आधी पाणी खातं आणि मग आपला पदार्थ.

पनीर अर्धा तास. वांगी, टोमॅटो तासभर, आणि त्याची चटणी केली की मेसची पोळीसुद्धा गोड लागते. कोंबडीच्या तंगड्या दीड ते दोन तास, पण घड्याळावर विश्वास नको. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसून ७४ अंश दिसले तरच खायच्या. नागालँडहून आलेला आमचा एक ज्युनिअर हे सगळं बघून हसला. त्याच्या घरी डुकराचं मांस चुलीवरच्या माळ्यावर दिवसेंदिवस धुरात टांगलेलं असतं. म्हणाला, "तुम्ही यंत्र केलंत, आमच्याकडे स्वयंपाकघरच तसं आहे."

इथवरची गोष्ट आनंदाची. पुढची सांगायला जरा लाज वाटते, पण लेख मी तिच्यासाठीच लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी, मेसच्या मागे कपडे धुवायच्या कट्ट्यावर पातेलं चालू होतं. तंगड्या अर्ध्या झालेल्या आणि धो धो पाऊस आला. आम्ही सांडशीने पातेलं उचललं आणि सरळ खोलीत आणलं. पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावली. लाकूड जळून गेलेलं, त्यामुळे धूर नव्हताच. मीच म्हणालो, "लाल निखारा आहे, धूर कुठे आहे? काही होत नाही."

अर्ध्या-पाऊण तासाने माझं डोकं ठणकायला लागलं. एक जण म्हणाला झोप येते. दुसऱ्याला उलटी झाली, आणि आम्ही दोष दिला त्याने खाल्लेल्या कच्च्या तंगडीला! कोणालाच उठून खिडकी उघडावीशी वाटली नाही, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. हजेरीचं रजिस्टर घेऊन वॉचमन काका आले, दार ढकललं आणि ओरडले, "अरे पोरांनो, पेटती शेगडी आत कोणी आणली? आधी बाहेर व्हा सगळे!" दोघांना त्यांनी दंडाला धरून ओढलं. रात्र हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या मास्कखाली गेली. काका बारावी नापास आहेत. मला थर्मोला डिस्टिंक्शन होतं.

परत आल्यावर मी तेच गणित केलं, जे आदल्या सेमिस्टरला मार्कांसाठी केलं होतं. कोळशाच्या थरात खाली हवा मिळते तिथे कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या लाल कोळशातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. ब्लास्ट फर्नेसमध्ये हीच क्रिया मुद्दाम घडवतात. उघड्या शेगडीवर निळ्या ज्योती नाचतात ना, तो हाच वायू जळत असतो. आमच्या पातेल्यात मात्र हवा मोजून दिलेली आणि वरचा भाग थंड, म्हणजे तो न जळताच बाहेर पडणार. ज्या चकत्यांचा मला एवढा अभिमान होता, त्याच त्याचं प्रमाण वाढवत होत्या.

आता आकडे. समजा अर्धा किलो कोळसा जळाला आणि त्यातला फक्त दहावा हिस्सा, म्हणजे ५० ग्रॅम कार्बन, मोनॉक्साइड झाला. १२ ग्रॅमला २८ ग्रॅम या हिशेबाने सुमारे ११७ ग्रॅम वायू, म्हणजे १०० लिटरच्या आसपास. आमची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट : ३४ घनमीटर. बंद खोलीत हे प्रमाण होतं जवळजवळ ३००० पीपीएम. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षा संस्थेने जिवाला तत्काळ धोका म्हणून धरलेली पातळी १२०० पीपीएम आहे. दाराखालच्या फटीने आणि काकांच्या रजिस्टरने आम्हाला वाचवलं.

या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याला खोकला येतो तो धुराने, आणि धूर दिसला नाही की आपण निर्धास्त होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतं. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला दोन्हीतला फरक कळत नाही, आकडा ९८ दाखवतो आणि माणूस गुदमरत असतो. तेव्हा कोळसा असलेल्या जागी दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसायचं नाही. आधी माणसं उघड्यावर, मग १०८ ला फोन, आणि पातेल्याचं नंतर.

खोली, गॅलरी, जिना, पार्किंगची शेड, सगळं बाद. खिडकी उघडी ठेवली तरी बाद. पाऊस आला तर पदार्थ उचलून आणून मेसच्या गॅसवर पुरा करायचा, पातेलं तिथेच भिजू द्यायचं. आणखी एक चूक सगळे करतात : काम झाल्यावर चकत्या बंद केल्या की कोळसा विझला असं समजून भांडं आत नेतात. तो आत तासन्‌तास धुमसत असतो आणि झाकणाच्या फटीतून वायू येत राहतो. सकाळी राखेत पाणी ओतून, हात लावून बघितल्याशिवाय ते हलवायचं नाही.

रेक्टर सरांनी पातेलं जप्त केलं होतं, ते दोन महिन्यांनी परत दिलं. अटी तीन : जागा फक्त कपडे धुवायचा कट्टा, शेजारी वाळूची बादली, आणि दर वेळी वॉचमन काकांच्या रजिस्टरमध्ये सही. पहिली तंगडी अर्थातच काकांना जाते. ते मिरची जास्त घालायला सांगतात. कोणाला बनवायचं असेल तर मापांचा कागद माझ्याकडे आहे, खोली २१४. ड्रिल बिट मात्र स्वतःचं आणा, आमचं अजून निळंच आहे.