झाड आणि कायदा (भाग ४) : वेशीबाहेरचा वड

एकाच वयाचे, एकाच घेराचे दोन वड. एक शहरात, दुसरा शेजारच्या खेड्यात. कायदा दोघांना सारखंच जपतो का? नाही. हे समजून घ्यायला मुंबई-पुण्याला जायला नको, आपल्या जिल्ह्यातलं लोणार पुरेसं आहे.

लोणार शहरात नगरपरिषद आहे. त्यामुळे तिथे नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठीचा १९७५ चा राज्य कायदा चालतो. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे प्राचीन वृक्ष ठरलं. असं झाड तोडायचंच झालं, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. साठ वर्षांच्या वडामागे साठ झाडं. तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि पुढे सात वर्षं त्यांची निगा राखायची. तोडीआधी झाडावर नोटीस चिकटवून हरकती मागवाव्या लागतात. परवानगीशिवाय तोडल्यास एका झाडामागे १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शहरालगतच्या विवरात उतरलं की नियम बदलतात. ते अभयारण्य आहे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो आणि झाड जुनं की नवं हा प्रश्नच उरत नाही.

खरी अडचण शिवारात आहे. तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा चालतो आणि तो ठरावीक जातींनाच लागू होतो : साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, जांभूळ वगैरे. या यादीत वड नाही, पिंपळ नाही, कडुनिंबही नाही. लाकूड आणि उत्पन्न डोळ्यांसमोर ठेवून ती केलेली दिसते. ज्याच्या पारावर गाव बसतं, ते झाड तिच्यात सुटलं. ही उणीव मला फार मोठी वाटते.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावाने ती २०२० मध्ये अनुभवली. सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा तिथला वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, सरकारने दखल घेतली, रस्त्याची आखणी बदलली. वड वाचला तो लोकांच्या रेट्याने. पुढे दोनच वर्षांत पावसात तो कोसळला, हे दुःख वेगळं.

इतर राज्यांच्या वाटा निराळ्या आहेत. चंडीगडने निवडक झाडं हेरून त्यांना वारसा वृक्ष म्हणून अधिसूचित केलं. हरियाणाने ७५ वर्षांवरच्या झाडांसाठी ‘प्राणवायू देवता’ योजनेतून सुरुवातीला वर्षाला २,५०० रुपये देऊ केले. झाड सांभाळणाऱ्याच्या हाती काही पडावं, हा विचार मला आपल्या शेतकऱ्यासाठी मोलाचा वाटतो.

१९७५ च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथल्या वाचकांनी आपल्या नगरपरिषदेत जाऊन शेवटची गणना कधी झाली ते विचारावं. खेड्यातल्यांना दुसरा मार्ग आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. त्या नोंदवहीने तोड आपोआप थांबत नाही, पण उद्या रस्ता आला तर हाती लेखी पुरावा राहतो. येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या जुन्या वडा-पिंपळांची नावं, जागा आणि घेर तिच्यात लिहून घ्या.