चाचणीच्या दिवशीच दुखणारे पोट

गेल्या आठवड्यात सहावीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. तक्रार पोटदुखीची. जंताचे औषध देऊन झाले होते, दृष्टही काढून झाली होती. मी पोट तपासले, मऊ होते. रविवारी दुखत नाही, सुट्टीत दुखत नाही, घटक चाचणीच्या सकाळी मात्र हमखास दुखते. "नाटकं करतो हो, डॉक्टर," आई वैतागून म्हणाली.

ते नाटक नव्हते. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, छाती धडधडते आणि पोटात खरोखरच कळ येते. (रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वारंवार उलट्या किंवा वजन घटणे असेल तर मात्र ते परीक्षेवर ढकलू नका, तपासून घ्या.)

आईला बाहेर बसवून मी त्याला विचारले, "पेपर अवघड जातो का रे?"

"नाही. पण पेपर झाला की बाबा वाटेतच सगळे प्रश्न परत विचारतात."

मी गप्प झालो. माझी मुलगी लहान असताना मीही हेच करीत असे. चूक सापडली की रात्री जेवतानाही तोच विषय. एका चाचणीच्या सकाळी तिला प्यायलेले पाणीसुद्धा उलटून पडले, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. डॉक्टर असून!

त्यानंतर आमच्या घरी रोज संध्याकाळी अर्धा तास ठरला. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचे, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचे आणि मग पुस्तक उघडून काय राहिले ते तिनेच पाहायचे. नुसते पुनःपुन्हा वाचले की येते असे वाटते. आठवून पाहिले की पक्के होते. एका बैठकीत घोकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच दाखवले आहे. आदल्या रात्री जागरण बंद. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, आणि वाचलेले झोपेतच मुरते.

त्या मुलाच्या वडिलांना मी बोलावून घेतले. सगळे ऐकून ते म्हणाले, "मग पेपर झाल्यावर विचारायचं तरी काय?"

"भूक लागली का, एवढंच विचारा."

ते हसले नाहीत. गुरुवारी गणिताची चाचणी आहे.